टोपात रंग शेवटी जातो

नवं मांजरपाट रंगवायला सोपं. त्याला गिरणीची खळ तेवढी असते, ती काढली की कापड कोरं. वापरलेल्या कपड्यात मात्र कुणाचा तरी घाम, कुणाची नीळ, इस्त्रीवाल्याचा स्टार्च, केळीचा चीक आणि कित्येक वर्षांचा साबण मुरलेला असतो. हे सगळं रंगाच्या टोपात वर येतं. म्हणून जुन्या सुती कपड्यांना झाडांचे रंग देण्याच्या ज्या घाण्याची (एका खेपेच्या रंगकामाची) हकिगत इथे सांगतो आहोत, त्यात पहिले काही दिवस रंगाचं नावच नव्हतं.

घाणा शिमग्यानंतरचा, मार्चअखेरचा. जागा गुहागर तालुक्यातली, पडवी आणि खळं असलेलं घर, जांभ्यात खोदलेली विहीर. पावसाळ्यात आम्ही हे काम काढत नाही. जून ते सप्टेंबर इकडे कापड दोन-दोन दिवस दमट राहतं आणि रंग धरावा म्हणून हिरड्यात भिजवलेल्या दमट कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते मग कशानेही जात नाहीत.

कपडे सुके असतानाच काट्यावर घातले: दोन पांढरे पूर्ण बाह्यांचे शर्ट ४६० ग्रॅम, एक कुर्ता २८० ग्रॅम, अर्धं धोतर २६० ग्रॅम. एकूण १ किलो. पुढची जवळजवळ सगळी मापं या वजनावर ठरतात, पाण्यावर नाही. ‘एक मूठ हिरडा, दोन चमचे तुरटी’ अशा मापाने एकदा छान रंग येतो आणि तो पुन्हा कधीच येत नाही.

जुन्या कपड्यावर लेबल असलं तरी त्यावरचं काही वाचता येत नाही, तेव्हा सूत की टेरिकॉट (पॉलिस्टर मिसळलेलं सूत) हे जाळूनच बघायचं. शिवणीच्या आत शिंप्याने सोडलेली माया (जादा कापड) असते, तिथले चार धागे काढून चिमट्यात धरून पेटवायचे. सूत कागदासारखं जळतं, वासही कागदाचा, राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. राखेत बारीक खडे लागले तर मिश्रण समजावं. त्यावर रंग अर्धाच चढतो, कारण झाडाचा रंग फक्त सुताला धरतो. रेयॉनही कागदासारखंच जळतं. ते ओळखायचं तर धागा ओला करून ओढायचा, ओला झाल्यावर तो पटकन तुटतो. रेयॉनवर रंग सुतापेक्षा गडद येतो, पण गरम टोपातून काढताना ते पिळायचं नाही, नुसतं निथळू द्यायचं. रेशीम आणि लोकर या घाण्यात नव्हती. त्यांना धुण्याचा सोडा सोसत नाही आणि त्यांची रीतच वेगळी आहे.

कापड सुती असलं तरी शिलाईचा दोरा बहुतेक वेळा पॉलिस्टरचाच असतो. तो पांढरा राहणार हे आधीच धरून चालावं. कॉलरमधलं बकरम (आतलं ताठ कापड) चिकटवलेलं असेल तर गरम पाण्यात डिंक सुटून कॉलरवर फोड येतात. आम्ही अशी कॉलर सरळ उसवतो आणि बंद गळा करून घेतो. धातूची बटणं, हूक, चेन काढून ठेवायची, कारण लोखंडाच्या एका बटणाभोवती हिरड्याचं पाणी अर्ध्या तासात काळं कडं करतं. इलॅस्टिक उकळीत मरतं, तेही आधीच काढलेलं बरं.

यानंतर प्रत्येक कपडा उन्हासमोर धरला. दोन गोष्टी बघायच्या असतात. एक म्हणजे विरलेली जागा: धोतराची घडी, शर्टाचं कोपर, कॉलरचा मोड. कापड जिथे विरलंय तिथे रंग काळसर करणारं लोखंडाचं पाणी लावायचं नाही, हे तेव्हाच ठरवून टाकायचं. दुसरी म्हणजे डाग. आपल्याकडचे डाग बहुतेक झाडांचेच: केळीचा चीक, काजूच्या बोंडाचा रस, कैरीचा चीक. यांतलं बरंचसं तुरट द्रव्य असतं, म्हणजे तो डाग स्वतःच एक अर्धवट रंगकाम आहे. पिवळ्या टोपात तो तपकिरी उठून दिसतो आणि लोखंडाच्या टोपात काळा पडतो. कुर्त्यावर छातीपासून खालपर्यंत केळीच्या चिकाचे शिंतोडे होते, म्हणून कुर्ता काळसर करायचा ठरला. त्यात ते शिंतोडे मिसळून जातात. शर्ट स्वच्छ होते, ते पिवळ्याला. धोतर घडीवर विरलेलं, म्हणून लोखंड नाही, त्याला कात. कोणता कपडा कोणत्या रंगात जाणार हे असं डागांनी आणि झिजेने ठरतं. आपली आवड त्यानंतर.

काखेतला पिवळटपणा ही शर्टांची वेगळी अडचण. घाम रोखणाऱ्या प्रसाधनांत अल्युमिनियमचे क्षार असतात, आणि तुरटी म्हणजेसुद्धा अल्युमिनियमचाच क्षार. काखेत जणू तुरटी आधीच लावलेली असते, म्हणून रंग तिथे दुप्पट धरतो. लिंबाचा रस चोळून तासभर ठेवून धुतलं की फरक कमी होतो. पूर्ण जात नाही.

आता धुणं. पहिल्या रात्री सगळे कपडे नुसत्या कोमट पाण्यात भिजत ठेवले, स्टार्च सुटण्यासाठी. सकाळी स्टीलच्या तीस लिटरच्या टोपात २० लिटर पाणी, त्यात धुण्याचा सोडा ४० ग्रॅम (खायचा सोडा नव्हे, तो फारच सौम्य) आणि सात-आठ रिठ्यांचं पाणी. चुलीवर मंद उकळीत दीड तास. वर आलेलं पाणी चहासारखं तांबूस होतं, आणि हे कपडे ‘धुऊन, इस्त्री करून’ आलेले होते. ते पाणी ओतून पुन्हा तेवढाच सोडा, पुन्हा एक तास. दुसऱ्या वेळी पाणी फिकट पिवळं आलं. तिसऱ्यांदा गरज लागेल का हे पाण्याचा थेंब सांगतो. सुकलेल्या कापडावर थेंब टाकायचा: एक-दोन सेकंदांत जिरला तर कापड तयार. मण्यासारखा वर बसून राहिला तर कपडे मऊ करणारं द्रावण किंवा तेल अजून आत आहे. एका शर्टाच्या पाठीवर थेंब बसला, म्हणून तो एकटा तिसऱ्यांदा उकळला. ही पायरी टाळली की रंग ठिगळाठिगळाने येतो. लोक मग दोष फणसाच्या रंगाला देतात, हिरड्याला देतात, पण कारण बहुतेक वेळा हेच असतं. निळीचंही तसंच. ती नीट निघाली नाही तर पिवळा हिरवट होतो.

भांडं स्टीलचंच हवं. अल्युमिनियमचा टोप सोड्याने झिजतो, लोखंडी घमेलं रंग काळवंडतं, तांब्याचा हंडाही छटा बदलतो. एकदा रंगाला वापरलेला टोप परत स्वयंपाकात घ्यायचा नाही.

पाण्याबद्दल जरा सविस्तर, कारण कोकणात अर्धा घोळ पाण्याचा असतो. जांभा दगड लोहाने भरलेला असतो, आणि काही विहिरींच्या पाण्यात ते लोह विरघळून येतं. सगळ्यांच्या नाही, शेजारच्या दोन विहिरींचंही पाणी वेगळं निघू शकतं. पिण्यात कळत नाही इतकं लोहसुद्धा हिरड्याला कळतं. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन अर्धा चमचा हिरड्याचा काढा टाकायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. पिवळसर राहिलं तर उत्तम. राखाडी किंवा जांभळट झालं तर त्या पाण्यात पिवळा कधीच उजळ येणार नाही. आमचं पाणी किंचित राखाडी आलं. उपाय असा की पिंपात पाणी भरून बांबूने चांगलं घुसळायचं आणि दोन दिवस उघडं ठेवायचं. हवा लागली की लोहाचा गंज होऊन तो तळाला बसतो. वरचं पाणी न हलवता काढून घ्यायचं. पागोळीचं पाणी याहून चांगलं, पण ते मार्चमध्ये कुठलं मिळायला! खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि धुणं अर्धवट राहतं, तेव्हा निदान धुण्यासाठी तरी ते घेऊ नये.

धाग्यावर रंग धरून ठेवते ती तुरटी, पण सुताला ती थेट नीट धरत नाही. मध्ये तुरट द्रव्य लागतं, आणि ते काम हिरडा करतो. शर्ट आणि कुर्ता मिळून ७४० ग्रॅम, त्याच्या २० टक्के म्हणजे १५० ग्रॅम हिरडा, बी काढून कुटलेला. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. रात्रभर दोन लिटर गरम पाण्यात भिजवून सकाळी पंच्यातून गाळला, टोपात १५ लिटर पाणी करून त्यात कपडे ओले करूनच सोडले. सुके कपडे टाकले तर जिथे हवेचा फुगा राहतो तिथे हिरडा पोचत नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मधून मधून खालीवर करत. मग घट्ट पिळून, न खळबळता, वाळत.

वाळत घालताना दोन चुका होतात. पहिली दोरीची. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने लोखंडी तार हमखास गंजलेली असते, आणि हिरड्याचं कापड तिच्यावर टाकलं की मधोमध काळी रेघ उमटते. नायलॉनची दोरी घ्यावी, चिमटेही लोखंडी स्प्रिंगचे नकोत. दुसरी चूक उन्हाची. जी बाजू आधी सुकते तिकडे हिरडा ओढला जातो. एक बाजू गडद, एक फिकी. सावलीत सुकवावं आणि तासातासाने उलटावं. सुकल्यावर कापड पिवळट मातकट दिसतं, ते तसंच दिसायला हवं.

तुरटी फक्त शर्टांना. ४६० ग्रॅमच्या १५ टक्के म्हणजे ७० ग्रॅम, न्हाव्याकडे असते तशी पारदर्शक. पिवळसर झाक असलेली तुरटी घेऊ नये, त्यात लोह असतं. कुटून अर्धा लिटर गरम पाण्यात विरघळवली. वेगळ्या भांड्यात धुण्याचा सोडा ७ ग्रॅम विरघळवून तो तुरटीत थेंबाथेंबाने सोडला. फेस वर येतो, म्हणून भांडं मोठं हवं. सोड्याने तुरटीची आंबट धार कमी होते आणि अल्युमिनियम धाग्याला सहज चिकटतं. सोडा जास्त झाला तर पांढरा साका बसून राहतो, तो म्हणजे वाया गेलेली तुरटी. पाणी ढवळूनही पुन्हा स्वच्छ होईना असं दिसलं की थांबायचं. मग १० लिटर पाण्यात, बोट जेमतेम धरवेल इतक्या गरम, शर्ट रात्रभर. पहिला अर्धा तास टोप सोडून उठायचं नाही, कारण डाग याच अर्ध्या तासात पडतात. सकाळी पिळून सुकवले, एक दिवस तसेच ठेवले, मग दोन पाण्यांतून खळबळले. सुटी तुरटी धुतली गेली नाही तर ती रंगाच्या टोपात उतरते, रंग तिलाच चिकटतो आणि तळाला बसतो.

आणि आता कुठे रंग. फणसाच्या गाभ्याचं लाकूड पिवळं असतं, आणि रंग त्या गाभ्यातच. कडेच्या पांढऱ्या लाकडात काही नाही. सुताराकडे गेल्यावर ‘भुसा द्या’ म्हणून भागत नाही, यंत्राखाली सगळ्या लाकडांचा भुसा एकत्र पडलेला असतो. सागाचा भुसा तपकिरी करतो, प्लायवूडच्या भुशात गोंद असतो. फणस चिरायचा दिवस विचारून ठेवावा आणि त्या दिवशी खाली पोतं अंथरावं. आम्ही शर्टांइतकाच, ५०० ग्रॅम भुसा घेतला. जुन्या पंच्यात सैल गाठोडं बांधून (घट्ट बांधलं तर आतला भुसा कोरडा राहतो) रात्रभर सहा लिटर पाण्यात, सकाळी एक तास उकळून पाणी काढून घेतलं, पुन्हा चार लिटर घालून पुन्हा तासभर. दोन्ही पाणी एकत्र. ओले शर्ट त्यात सोडले आणि जाळ इतकाच ठेवला की बुडाशी बारीक बुडबुडे दिसावेत, उकळी फुटू नये. तासभर हलवत राहून टोप खाली उतरवला आणि शर्ट त्यातच थंड होऊ दिले. आला तो मोहरीच्या फुलापेक्षा खोल, पिकल्या फणसाच्या गऱ्याकडे झुकणारा पिवळा. काख अजूनही थोडी गडद आहे. जवळून बघितल्याशिवाय कळत नाही.

कात या किनाऱ्याला नवा नाही. खैराच्या लाकडाचा काढा आटवून तो करतात. कातकरी समाजाचं नावच या कामावरून पडलं, आणि चिपळूण तालुक्यातलं सावर्डे आजही काताच्या धंद्यासाठी ओळखलं जातं. विड्यातला फिकट कात वेगळा झाल्यावर जो गडद भाग उरतो, त्याला कच म्हणतात. रंगाला तो जास्त चांगला. नायलॉनची जाळी येण्याआधी सुती जाळी अशाच तुरट काढ्यांत बुडवून टिकवत, म्हणजे खाऱ्या पाण्यात आणि उन्हात टिकण्याची याची परीक्षा आधीच झालेली आहे. धोतराच्या ३० टक्के, म्हणजे ८० ग्रॅम कच फोडून दोन लिटर पाण्यात अर्धा तास उकळला. गार पाण्यात तो नीट विरघळत नाही. तळाला माती बसली तर भेसळ समजावी आणि वरचं पाणी निवळून घ्यावं. हिरडा नाही, तुरटी नाही, काताचं तुरट द्रव्य स्वतःच धाग्याला धरतं. आठ लिटरच्या गरम पाण्यात धोतर एक तास ठेवलं, काढून न धुता वाऱ्यावर सुकवलं, आणि असं तीनदा केलं. एकदाच बुडवून सोडलं तर भुरकट, कोरा चहा सांडल्यासारखं दिसतं. तपकिरी खोल होतो तो हवेने, बुडवण्यांच्या मध्ये. शेवटी लिटरला ५ ग्रॅम सोडा घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं, तेव्हा तो तांबूस झाला.

कुर्त्यासाठी काजूगरावरची तांबूस पातळ साल वापरली. काजूच्या कारखान्यात ती पोत्याने निघते. कुर्त्याच्या ३० टक्के, ८५ ग्रॅम. तिच्यात बाहेरच्या टणक टरफलाचे तुकडे मिसळलेले असतात आणि त्यांच्या तेलाने हातावर फोड येतात, धूरही डोळ्यांना लागतो. हातमोजे घालून एक-एक तुकडा वेचून काढायचा, मगच उकळायची. या काढ्यात कुर्ता तासभर ठेवला तेव्हा तो विटकरी तपकिरी झाला. मग लोखंड.

लोखंडाचं पाणी घरी करता येतं: गंजके खिळे, विळ्याचे तुकडे, गूळ आणि पाणी मडक्यात घालून दोन आठवडे, वर फडकं बांधून. पण त्याची ताकद दर वेळी निराळी. जुन्या कपड्यावर तो जुगार नको, म्हणून आम्ही हिराकस (लोखंडाचा क्षार) मापून घेतो. कापडाच्या २ टक्के, म्हणजे सहा ग्रॅमच्या आत. आठ लिटर गार पाण्यात विरघळवून कुर्ता बुडवला आणि घड्याळ लावून दहा मिनिटांत बाहेर काढला. पाच मिनिटांतच तो राखाडी, मग ओल्या कातळासारखा काळसर होतो आणि हात अजून थोडा ठेवावासा वाटतो. ठेवू नये. लोखंड सुताला आतून कुजवतं आणि विरलेलं कापड वर्षभरात घडीवर फाटतं. लगेच तीन पाण्यांतून धुतला. केळीचे शिंतोडे शोधावे लागतात. हिराकसचं भांडं, काठी आणि दोरी कायम वेगळी ठेवायची. तिचा एक थेंब पिवळ्या शर्टावर उडाला तर तिथे हिरवट काळा ठिपका पडतो आणि मग सगळा शर्टच हिराकसमध्ये घालावा लागतो.

काही गोष्टी सुचवल्या जातात, त्या आम्ही करत नाही. कोकमाचा गुलाबी रंग बघायला सुरेख, पण साबण लागला की निळसर राखाडी होतो आणि दोन धुण्यांत संपतो. कोकम सोलकढीलाच राहू द्यावं. हळद उन्हात तीन दिवसांत उडते. कांद्याची साल चांगली, पण लाल-तांबूस कांद्याची. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या सालीत रंग जवळजवळ नसतोच. कांदळाच्या सालीचा तपकिरी उत्तम येतो हे खरं, पण कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाची २००५ पासून बंदी आहे. आणि खैर गावात मिळत असताना ती साल काढायची गरजही नाही. नारळाची सोडणं (बाहेरची तंतुमय साल) मात्र ज्याला काहीच खर्च करायचा नाही त्याने जरूर करून बघावीत. कापडाच्या दुप्पट वजनाची सोडणं रात्रभर भिजवून दोन तास उकळली की गुलाबी झाक असलेला मातकट रंग येतो. सुपारीचे जुने, किडके खांड याहून तांबूस.

रंग झाल्यावर कपडे सावलीत सुकवून दहा दिवस न धुता ठेवले. मग रिठ्याच्या पाण्यात धुतले. धुण्याची पावडर क्षारी असते, तिने पिवळा तांबूस होतो आणि काताची छटा बदलते. पहिल्या धुण्यात शर्टांचं पाणी थोडं पिवळं गेलं, दुसऱ्यात नाही.

प्रत्येक घाण्यातून बोटभर चिंधी बाजूला काढतो. ती पश्चिमेच्या खिडकीत ठेवायची, अर्धी जाड पुठ्ठ्याखाली झाकून, पंधरा दिवस. या वेळी कात जसाच्या तसा राहिला, लोखंडाचा काळसरही. फणसाचा पिवळा उघड्या अर्ध्यात किंचित मळकट झाला. तुलनेसाठी शेजारी ठेवलेली हळदीची चिंधी चौथ्या दिवशीच पांढरी पडली होती.

भुशाच्या उरलेल्या पाण्यात आणखी एक पंचा रंगला, निम्म्याने फिका. तुरटीचं पाणी आठवडाभर टिकतं. पुढच्या घाण्याला त्यात निम्मी नवी तुरटी घातली की पुरतं. चोथा माडाच्या आळ्यात गेला. हिराकसचं पाणी मात्र भरपूर पाणी घालून, विहिरीपासून आणि ओहोळापासून लांब, उघड्या कातळाच्या बाजूला ओतलं.